अकरावी बाटली

आधीच सांगते, ज्यांना हसायचंय त्यांनी आत्ताच हसून घ्या. पण हे माझ्याच बाबतीत घडलंय, आणि यातला एक शब्दही माझ्या पदरचा नाही.

रात्र वगैरे काही नव्हती. गुरुवार होता. दुपारचे तीन. ट्रक दुरुस्तीचं एक बंद पडलेलं यार्ड, आणि डोकं तापवणारं ऊन.

तिथे जमिनीखालच्या चार टाक्यांतून वर्षानुवर्षं डिझेल झिरपलं होतं. टाक्या काढून झाल्या, काळी माती उपसून झाली. आता उरलेली माती स्वच्छ आहे की नाही, एवढंच बघायचं होतं. मशीनने दहा भोकं पाडायची, खालची माती काचेच्या बाटलीत भरायची, बर्फाच्या पेटीत ठेवून लॅबला पाठवायची.

साधं काम. कसलं डोंबलाचं साधं!

सकाळी मशीनचा पट्टा तुटला. मग बर्फ वितळला, नवा आणावा लागला. मशीन चालवणाऱ्याला आम्ही 'घाई' म्हणतो, कारण त्याला कायम घरी जायची घाई. त्याचं "झालं का, झालं का" ऐकून माझे कान किटले होते.

आधी हे मशीन माझे भाऊजी चालवायचे. ताईचा नवरा. मला या कामात आणलं त्यांनीच. नळीत अडकलेली माती सुटावी म्हणून ते पान्याने तीनदा ठोकायचे. बाटलीवर पेन्सिलनेच लिहायचे. "शाई डिझेलने पुसली जाते, मेहुणीबाई," म्हणायचे. मी मात्र पेननेच लिहायचे, मुद्दाम.

गेल्या वर्षी ते गेले. झोपेतच.

तर, सातवं भोक वॉचमनच्या खोलीजवळ होतं. एक मीटरवर मशीन काँक्रीटला अडलं.

तीनदा प्रयत्न केला. तिन्ही वेळा तेच.

साहेबांना फोन लावला.

"अगं, दोन पावलं सरक आणि घे. बाटलीवर सातच लिही. उद्या रिपोर्ट द्यायचाय, माझं डोकं खाऊ नकोस."

शेजारी वॉचमनची बायको हातपंपावर बादली भरत होती. "मॅडम, आमचं पाणी पण बघा ना. वास येतो. पोरगी तोंडाला लावत नाही."

"आज फक्त मातीचं काम आहे हो!" मी खेकसले.

तिचा काय दोष? पण साहेबांवर खेकसायची माझी हिंमत नव्हती.

सरकलो दोन पावलं. छान पिवळी माती निघाली. मी लिहिलं... सात.

दहा बाटल्या मोजल्या, पेटी बंद केली. घाई चहाला गेटवर गेला. मशीन बंद. मी पेटीवरच बसून फॉर्म भरायला घेतला.

आणि...

टण... टण... टण.

मागे वळून बघितलं. कोणी नाही. पाना मशीनवर, जिथे ठेवला होता तिथेच.

आवाज सातव्या भोकाकडून आला होता. खालून.

हातपंपावर कोणी नव्हतं. यार्डात एक पाखरूसुद्धा बोलत नव्हतं.

मग डिझेलचा वास आला... पेटीतून.

झाकण उघडलं. मोजल्या. परत मोजल्या.

अकरा.

सात नंबरच्या दोन बाटल्या होत्या. एक माझी. दुसरीतली माती काळी, ओली. बर्फात असूनही ती हाताला कोमट लागली.

तिच्यावर पेन्सिलने लिहिलं होतं, 'सात. साडेतीन मीटर.'

ते अक्षर मी कुठेही ओळखेन.

"भाऊजी, गेलात तरी पाठ सोडणार नाही का माझी?" मी अक्षरशः ओरडले. राग येत होता आणि रडूही येत होतं.

माझी बाटली मी तिथेच ओतून टाकली. त्यांची पाठवली.

लॅबचा रिपोर्ट आला. माती डिझेलने माखलेली. साहेबांनी मला वाट्टेल ते ऐकवलं. शेवटी काँक्रीट फोडलं, तर खाली पाचवी टाकी. कुठल्याच नकाशात नसलेली. गळत होती, आणि गळती हातपंपाकडे निघाली होती. पंप त्याच दिवशी बंद केला, टँकर सुरू झाला.

वॉचमनच्या बायकोने माझे हात धरले. "तुम्ही बघितलंत म्हणून, मॅडम."

मला तिच्याकडे बघवेना.

काँक्रीट फोडणाऱ्याने विचारलं, "मॅडम, लादी तर अख्खी होती. खालची माती काढली कोणी?"

मी फॉर्ममध्ये डोकं घातलं. काय सांगणार?

इथवर ताईलाही सांगितलंय. पुढचं कोणालाच नाही.

भाऊजी गेल्यापासून मी दोन पावलं सरकले होते ती काही पहिलीच वेळ नव्हती. त्याआधी आणखी दोन यार्डांत सरकले होते. तेव्हाही घाई होती. तेव्हाही साहेबांचा फोन होता. दोन्ही जागा स्वच्छ म्हणून मीच सही केली. आता तिथे घरं झालीत. लोक राहतात.

काल सकाळी दूध काढायला फ्रिज उघडला...

दुधामागे दोन बाटल्या होत्या. काळ्या मातीच्या. दोन्हींवर पेन्सिलने नंबर.

मघापासून साहेबांना फोन लावतेय. ते उचलत नाहीत.