एकशेदहा-सत्तर

करंजघाट जिल्ह्याच्या मातृनोंद केंद्रात भिंतभर नकाशा होता आणि त्यावर नऊ हजार गरोदर बायका हिरव्या ठिपक्यांच्या रूपात लुकलुकत होत्या. मंगळवारी दुपारी दोन वाजता त्यांतले सदतीस ठिपके एकदम लाल झाले.

"बोंबला!" डॉ. ऋजुता खांबेटे म्हणाली. 'धोकासूचक' हे यंत्र तिनेच घडवलेलं, आणि ते सुरू होऊन आज दुसराच दिवस. "सिस्टर, जरा बघा हो. ह्या सदतीसजणी चांगल्या ठणठणीत आहेत आणि यंत्र म्हणतंय, आठवडाभरात दगावतील."

सिस्टर म्हणजे वच्छलाबाई पाडवी. छत्तीस वर्षं डोंगरातल्या पाड्यांवर नर्स म्हणून पाय झिजवले, शेवटची दहा वर्षं नव्या पोरींना नोंदी करायला शिकवलं आणि निवृत्तीनंतर जुन्या रजिस्टरांतलं किरटं अक्षर लावून द्यायला त्या ह्या केंद्रात आल्या होत्या.

"गाड्या सुटल्या?" त्यांनी विचारलं.

"लाल झालं की सुटतातच." त्या रुग्णवाहिकांना चालक नव्हता. वशिल्याच्या माणसांसाठी गाड्या पळवल्या जातात, म्हणून त्या फक्त धोकासूचकाचंच ऐकतील अशी सोय मुद्दाम केलेली. आमदाराने फोन केला तरी चाक हलत नसे.

"पण तुमच्या यंत्राला हे शिकवलं कुणी?"

"कुणीच नाही, तीच तर गंमत. रक्तदाब म्हणजे काय, हेसुद्धा त्याला ठाऊक नाही. चाळीस वर्षांची रजिस्टरं त्याला दिली आणि प्रत्येक बाई जगली की गेली, एवढं सांगितलं. कोणत्या आकड्यांमागे मरण येतं ते त्याचं त्याने शोधायचं. आणि शोधलं काय, तर हे! सगळ्यांचा रक्तदाब एकशेदहा-सत्तर, हिमोग्लोबिन अकरा. ह्याहून चांगलं काय असतं?"

वच्छलाबाईंनी यादी स्वतःकडे ओढून पाहिली. एकशेदहा-सत्तर. अकरा. ते आकडे त्यांचेच होते की!

रक्तदाबाचं मापक वर्षानुवर्षं नादुरुस्त, पाडा दोन डोंगरांपलीकडे, आणि रकाना रिकामा दिसला की वरून विचारणा. मग पोरींना त्या हसत हसत सांगायच्या, "रकाना उपाशी ठेवायचा नाही गं. एकशेदहा-सत्तर लिहा, अकरा लिहा. कुणी काही विचारत नाही." खरंच कुणी कधी विचारलं नव्हतं.

त्यांनी यादी खाली सरकवली. एकविसावं नाव रोशनीचं होतं. त्यांची धाकटी लेक, खडकीपाड्याला दिलेली, आठवा महिना. दर सोमवारी तिचे आकडे बघून ह्या बाई निर्धास्त व्हायच्या. स्वतःच शिकवलेल्या लबाडीवर स्वतःच विसंबल्या होत्या! आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार?

त्यांनी ऋजुताला सगळं सांगितलं. लाजेने मान वर होत नव्हती, पण सांगितलं.

ऋजुता पांढरीफटक पडली. "म्हणजे यंत्र रक्तदाब वाचतच नाहीये. कोणत्या बाईपर्यंत माणूस पोचलं आणि कोणत्या बाईपर्यंत नाही, एवढंच ते वाचतंय. आणि बरोबर वाचतंय, सिस्टर."

तिने तिथल्या तिथे आदेश सोडला. ह्या सदतीसजणींची ताबडतोब पुन्हा तपासणी करा. एकशेदहा-सत्तरच्या खोट्या नोंदी उघड झाल्या आहेत, पुन्हा आढळल्यास निलंबन. वच्छलाबाईंना ते शेवटचं वाक्य खटकलं, पण बोलायला तोंड कुठे होतं?

वीस मिनिटांत पहिला ठिपका हिरवा झाला. मग दुसरा, मग पाच. "चला, पोरी कामाला लागल्या," ऋजुता सुटकेने म्हणाली. पावणेतीनला रोशनीही हिरवी झाली. एकशेचोवीस-ब्याऐंशी, दहा पूर्णांक चार. वच्छलाबाईंनी हात जोडले आणि जोडलेले हात तसेच राहिले. उपकेंद्रातून खडकीपाड्याला चालत दोन तास लागतात. आदेश निघून चाळीस मिनिटं झाली होती.

त्यांनी लेकीला फोन लावला. "सिस्टर आली होती का गं?"

"नाही गं आई. दिवाळीपासून कुणी फिरकलं नाही." रोशनीचा आवाज जड येत होता. "डोकं फुटायची वेळ आलीय. डोळ्यांपुढे काजवे चमकतात. पाय तर इतके सुजलेत, चपलेत जाईनात."

छत्तीस वर्षांत हे शब्द त्यांनी ज्या ज्या तोंडून ऐकले, त्यांतल्या निम्म्याजणींना पुढे झटके आले होते. "मॅडम, गाडी कुठाय?"

"घाटाच्या पायथ्याशी होती." ऋजुताने पडद्याकडे पाहिलं. "हिरवं झालं ना… परत फिरलीय."

"फिरवा ती!"

"माझं ऐकणार नाही ती! थांबा, खरे आकडे घालते. अंदाजे किती असेल?"

"एकशेऐंशी-एकशेवीस. कमी नाही."

ऋजुताने आकडे भरले. ठिपका हिरवाच. तिने पुन्हा भरले. हिरवाच.

"अहो, असं कसं?" वच्छलाबाई किंचाळल्या.

"कारण रजिस्टरांत ज्यांच्यापुढे एकशेऐंशी लिहिलंय, त्यांना कुणीतरी हात लावून तपासलं होतं. दवाखान्यात नेलं होतं. त्यातल्या बहुतेक वाचल्या." ऋजुताला रडू फुटलं. "त्याच्या लेखी हा आकडा म्हणजे बाई जगणार."

वच्छलाबाईंनी तिला बाजूला सारलं. रोशनीच्या नावापुढचा खरा आकडा पुसला आणि त्या जागी एकशेदहा-सत्तर लिहिलं. खाली अकरा.

ठिपका लाल झाला. घाटाखालच्या गाडीने तोंड वळवलं. ऋजुताने डोळे पुसले, शेजारची खुर्ची ओढली आणि हिरव्या झालेल्या बाकीच्या बायकांची पानं उघडून तेच भरत सुटली.

"आई," फोनवर रोशनी विचारत होती, "माझा आकडा चांगलाय ना गं? आमच्या पाड्याची ललितासिस्टर म्हणायची, सगळं छान आहे."

"तुला मापक लावलंच नव्हतं, बाळा. तो आकडा खोटा आहे, आणि तिला तो मीच शिकवला," वच्छलाबाई म्हणाल्या. "गाडी येतेय. डाव्या कुशीवर पडून राहा आणि माझ्याशी बोलत राहा. गप्प होऊ नकोस गं."