ऐनाखाली ठेवलेलं सामान

मुखरूची पिकअप चांगली होती, फक्त चालत नव्हती. हे सुकलू मिस्त्रीचं म्हणणं, आणि आलापल्लीत गाड्यांच्या बाबतीत सुकलूच्या पुढे कोणी बोलत नसे. नागभीडच्या ज्या व्यापाऱ्याने ती विकली त्याने विकताना देवाची शपथ घेतली होती. चांगल्या गाडीला देव साक्षीला लागत नाही, हे मुखरूने तेव्हाच ओळखायला हवं होतं. पण पहिली गाडी घेताना माणूस आंधळा होतो, आणि मुखरू तर धानाच्या बांधीतून उठून थेट स्टिअरिंगवर बसलेला. आलापल्लीहून किराणा आणि सिमेंट घेऊन भामरागडच्या पुढच्या गावांत जायचं, येताना मोह किंवा हिरडा भरून आणायचा, असा त्याचा तीन वर्षांचा धंदा होता.

यंदा मात्र गाडीने कहर केला. जानेवारीत गियरबॉक्स गेला. फेब्रुवारीत इंजिन बसलं, ते असं की सुकलूने बोनेट उघडून आत पाहिलं आणि लगेच परत मिटलं. भंगारातून दुसरं इंजिन आणून चढवावं लागलं. एप्रिलात मागचा अख्खा एक्सल बदलला. मे महिन्यात डावा दरवाजा चालत्या गाडीतून निखळला, त्याच्या जागी निळा मिळाला, म्हणून पांढऱ्या गाडीला एक निळा दरवाजा आला. मग ड्रायव्हरची सीट मोडली. सुकलू म्हणाला, आता जुनी म्हणावी अशी फक्त नंबर प्लेट उरली.

एरवी मुखरूने हे हसून सोसलं असतं. पण त्याची बायको चंचल बाळंतपणाला माहेरी गेली होती, आणि माहेर होतं कुमरपल्लीला, भामरागडच्या पुढे अठरा किलोमीटर जंगलात. मार्चमध्ये मुलगी झाली. बारशाला मुखरू गेला, लेकीला अर्धा तास मांडीवर घेतलं, आणि तेवढा अर्धा तास ती सारखी रडली. तेवढीच त्यांची भेट. त्यानंतर दर वेळी आणायला निघावं आणि गाडीचं काहीतरी मोडावं. आता जून लागला होता. एकदा का वाटेतला नाला पावसाने भरला की कुमरपल्लीचा रस्ता दसऱ्यापर्यंत बंद, म्हणजे लेक घरी येईल ती रांगतच. रिकाम्या घरात त्याने झोळी बांधून ठेवली होती आणि येता-जाता तिला उगाच झोका द्यायचा. नाला भरण्याआधी दोघींना घरी आणायचंच, एवढं एकच त्याच्या डोक्यात होतं.

भामरागड सोडून कुमरपल्लीकडे निघालं की सहा किलोमीटरवर रस्ता एकदम खाली उतरतो. उताराच्या तोंडाशी ऐनाचं एक जुनं झाड आहे. त्या रस्त्यावरचे ड्रायव्हर गाडीला नवीन सामान बसवलं की जुनं आणून त्या ऐनाखाली ठेवतात. हे कोणी सुरू केलं, कोणाला ठाऊक नाही. तिथल्या सामानाला भंगारवाला हात लावत नाही, आणि त्या रस्त्याचा ड्रायव्हर भंगारवाल्याला जुनं विकत नाही. सुकलूने गियरबॉक्स उतरवला त्या दिवशीच मुखरूला सांगितलं होतं, तिकडं जातोस तर हे ऐनाले देऊन दे.

मुखरूने पहिल्यांदा तिथे पाहिलं तेव्हा त्याला जरा वाईटच वाटलं. सगळा ढीग फुटका होता. चेचलेले प्लग, दोन तुकडे केलेल्या क्लच प्लेटा, दगडाने ठेचलेले फिल्टर. देवाच्या दारात असं कोणी टाकतं का? त्याची आई पूजेच्या अक्षतांसाठी तांदूळ निवडायला बसली की एकेक दाणा उजेडात धरून बघायची. तुटलेली कणी देवाला चालत नाही, हे धान पिकवणाऱ्या घरात पोराला न शिकवता कळतं. म्हणून मुखरूने आपला गियरबॉक्स डिझेलने धुतला, फडक्याने कोरडा केला, वर कुंकवाचं बोट लावलं आणि सबंध नेऊन ठेवला. इंजिनाला चार माणसं लागली. पुढचं सामान त्याने तिथवरच जाणाऱ्या दुसऱ्यांच्या गाड्यांतून नेलं; एक्सल ठेवला, दरवाजा उभा टेकवून ठेवला. सीट ठेवली तेव्हा ती रस्त्याकडे तोंड करून मांडली, आणि फाटलेलं रेक्झिन दिसू नये म्हणून त्यावर आपला जुना खाकी शर्ट घातला. तीन वर्षांत त्याची बैठक त्या सीटमध्ये उतरली होती. तो कलून बसायचा, म्हणून डावीकडे खळगा जास्त खोल होता. हात जोडून निघताना त्याला फार बरं वाटलं.

गोंधळ सुरू झाला तो फेब्रुवारीतच. भामरागडला रस्त्याकडेला कलाबाईची चहाची टपरी आहे, आणि कुमरपल्लीकडे जाणारी प्रत्येक गाडी तिच्यासमोरूनच जाते. तिने मुखरूला विचारलं, मंगळवारी न थांबता काऊन गेलास? ती आत भजी तळत होती, गाडी दिसली नाही, पण दुसऱ्या गियरमधलं ते रडगाणं भामरागडात एकाच गाडीचं. मुखरूला हसू आलं. मंगळवारी त्याची गाडी सुकलूच्या आवारात दगडांवर उभी होती, चाकं काढून. शिवाय ते रडगाणं जुन्या गियरबॉक्सचं, नवा तर मुकाट चालायचा. त्याने ते कलाबाईला सांगितलं, तिने कान कोरले आणि विषय तिथेच राहिला.

एप्रिलच्या शेवटी अंकुश भेटला. हा कुमरपल्लीच्या वाटेवर मोह गोळा करणारा, बोलायला चोख माणूस. तो म्हणाला, तुझी गाडी काल उतारावर पाहिली, पण काच चढवलेली होती, आत कोण बसलंय दिसलं नाही. काल मुखरू अहेरीला होता. पांढऱ्या पिकअप जिल्ह्यात पैशाला पासरी, असं त्याने स्वतःला समजावलं. मे संपता संपता अंकुश पुन्हा भेटला आणि या वेळी चिडलेला होता. ओळख देत नाहीस, हात केला तर समोरच बघत राहतोस, असं म्हणाला. मुखरूने त्याला विचारलं, दरवाजा कोणत्या रंगाचा होता.

"पांढरा. दोनी बाजूनं पांढरा," अंकुश म्हणाला. "तुज्या आंगात तो खाकी शर्ट होता."

मुखरू त्या दिवशी सुकलूकडे जाऊन बसला आणि तारखा विचारत राहिला. अमुक दिवशी माझी गाडी कुठे होती? इथीच. तमुक दिवशी? इथीच, बावा, चाललीच कधी ती. सुकलूला वाटलं हा बिलावरून भांडायला आलाय. मुखरूलाही नेमकं काय विचारायचंय ते सांगता येईना. डोकं चालेनासं झालं की माणूस हातातलं काम धरतो. त्याने ठरवलं, बाकीचं मागाहून बघू, आधी लेकीला आणायचं.

चार जूनला तो सकाळी लवकर निघाला. आभाळ अधूनमधून भरून येत होतं पण पडत नव्हतं. गाडी आश्चर्य वाटावं इतकी नीट चालली. साडेआठला त्याने भामरागड ओलांडलं, कलाबाईची टपरी अजून उघडायची होती. नऊच्या सुमाराला उताराच्या तोंडाशी, बरोबर ऐनासमोर, इंजिन बंद पडलं.

डिझेलच्या पाइपात हवा धरली असावी. त्याने नट सैल केला, हातपंप मारला, पुन्हा आवळला. काही नाही. दहा वाजले. फोनवर गाणी लावून काम करता करता फोनही बंद पडला. हात पुसायला तो ऐनाच्या सावलीत गेला, आणि तेव्हा त्याचं लक्ष गेलं.

त्याचं सामान तिथे नव्हतं. बाकीचा फुटका ढीग होता तसाच होता. गियरबॉक्सच्या जागी दबलेल्या पाल्याचा काळा ठसा होता. इंजिनाच्या जागी मोठा ठसा. सीटचे चार पाय जमिनीत रुतले होते, ती चार भोकं स्वच्छ दिसत होती. ओढून नेल्याची खूण कुठेच नव्हती.

खालून इसरू चढून आला. हा पलीकडच्या पाड्यावरचा म्हातारा माडिया आदिवासी, मुखरूच्या गाडीत कितीदा तरी बसलेला. मुखरूला पाहून तो थबकला. मग गाडीकडे पाहिलं, निळ्या दरवाज्याकडे जास्त वेळ पाहिलं.

"सकाळीच तर गेला ना तू खाली?" तो म्हणाला, आणि सूर्य कुठे होता ते हाताने दाखवलं. म्हणजे आठच्या आसपास. "मी हात केला. तू थांबला नाई."

मुखरूने बोटाने ते ठसे दाखवले आणि माझं सामान कोणी नेलं, एवढं विचारलं. इसरू वाकला. ठशांवरून हात फिरवला. शेजारची एक तुटकी प्लेट उचलून परत ठेवली.

"तू फोडलं नाई?"

"देवाले फुटकं कसं द्यावं, भाऊ?"

"देवाले कोन देते?" इसरू हळू म्हणाला. "सामानाले सांगतो आपन, का तुजं काम संपलं. फोडलं तरच त्याले समजते."

एवढं बोलून तो आपल्या वाटेने गेला, आणि जाताना त्याने एकदाही मागे पाहिलं नाही. मुखरू गाडीपाशी परत आला. त्याला भीती वाटत होती, आणि कशाची ते समजत नव्हतं म्हणून जास्तच वाटत होती. तो पंप मारत राहिला. अकरा वाजले, बारा वाजले. या वेळात खालून एकही गाडी वर आली नाही. साधी मोटारसायकलही नाही.

साडेबाराला त्याने उगाच किल्ली फिरवली आणि गाडी पहिल्याच झटक्यात सुरू झाली.

कुमरपल्लीला त्याचे सासरे सोमाजी घरच्या पीठगिरणीच्या ओट्यावर बसले होते. त्याला पाहून ते उठले, आणि त्यांच्या तोंडावर आनंदापेक्षा काळजी होती.

"काऊन परत आले, जवाई? काई राह्यलं का?"

मुखरूने विचारलं, चंचल कुठी हाय. सोमाजी हसले. मग हसायचे थांबले.

"मीच नाई का तुमच्या गाडीत बसवलं दोघीयले? अकरा वाजता."

सासू रुखमाबाई पिठाचे हात घेऊन बाहेर आल्या. त्यांनी काहीच ऐकलं नव्हतं. त्या कौतुकानेच बोलल्या, की तुम्ही चहा घेतला नाही, बोललातही नाही फारसं, पण पोर मात्र तुमच्या मांडीवर गेली ती गप्पच झाली. "आजवर कोन्या माणसापाशी राह्यली नाई ते," त्या म्हणाल्या.

मुखरू अंगणातल्या चाकांच्या खुणा बघत होता. खुणा आत आल्या होत्या, वळल्या होत्या, आणि रस्त्याला लागल्या होत्या. त्याच रस्त्याला. दुसरा रस्ता कुमरपल्लीला नाही.

तो काही न सांगता निघाला. काय सांगणार होता? नाला, उतार, ऐन, सगळं मागे गेलं, कुठेही उलटलेली गाडी नव्हती, पडलेलं फडकं नव्हतं. त्याने तशी काहीतरी वाईट खूण दिसावी अशी वाट पाहिली, आणि त्याला स्वतःचीच लाज वाटली. पिकअप इतकी चांगली कधी चालली नव्हती. एकही आवाज नाही.

तीन वाजता तो भामरागडला पोचला. कलाबाई त्याला पाहून ओट्यावरून खालीच उतरली.

"बारा वाजता तर गेले तुमी," ती म्हणाली. "चंचल पुढं बसली होती पोरीले घेऊन. हासत होती. आन् तू..."

मुखरूने तिचा फोन मागितला. चंचलचा नंबर त्याला पाठ होता, तरी दोनदा चुकला.

तिसऱ्यांदा लागला. घंटी बराच वेळ वाजली. मग चंचलचा आवाज आला. मागे आलापल्लीच्या घराचा पंखा खडखडत होता, आणि झोळीची दोरी करकरत होती.

"चंचल, मी बोलतो."

"मी कोन?"

"मी. मुखरू."

आतल्या खोलीत कोणीतरी ताटावर वाटी ठेवल्याचा आवाज झाला. मग परक्या माणसाशी बोलावं तसं, सांभाळून, ती बोलली.

"ते जेवून राह्यले. तुमचं काम काय हाय ते सांगा, मी त्यायले सांगते."