नळीवरचं नाव

"बाबा, मी नक्की तुमचीच मुलगी ना?"

हा प्रश्न खरं तर बबडीचा नव्हताच. वर्गातल्या तिघींनी मधल्या सुट्टीत पैज लावली होती, की घरी सगळे जेवायला बसलेले असताना हे विचारून दाखव, मग तुला मानू. आणि दहावीत गेल्यापासून बबडीच्या अंगात अशी काही रग आली होती, की कोणी पैज लावायचा अवकाश, तिने ती घेतलीच म्हणून समजा. तिचे केस पांढरेशुभ्र, पापण्याही पांढऱ्या, कातडी अशी की दहा मिनिटं उन्हात राहिली तर लालबुंद व्हावी, आणि डोळे... ते बिचारे एका जागी ठरायला तयारच नसत, सारखे डावीउजवीकडे हिंदकळत. आईबाबा मात्र दोघंही चांगले सावळे. शाळेत तिला 'ट्यूबलाइट' म्हणत. पूर्वी ती घरी येऊन रडायची, हल्ली तिथल्या तिथे सांगायची, "हो, आणि तुम्ही उडालेले बल्ब."

बाबांचा घास हातातच राहिला. शेजारी त्यांची थोरली बहीण, म्हणजे बबडीची आत्या, बसली होती. राहायची दोन गल्ल्या पलीकडे, पण जेवणाच्या वेळी पाय आपोआप इकडे वळायचे. तिने ओठ मुरडून आईकडे पाहिलं. मग बाबांनीही पाहिलं. ताईने जिकडे पाहिलं तिकडे पाहायचं, ही त्यांची लहानपणापासूनची सवय.

"माझीच आहेस," ते म्हणाले. "पण हे जे तुझ्या अंगावर आहे, ते आमच्या घराण्यात कधी नव्हतं. ते कुठून आलं, ते तुझ्या आईला विचार."

आई पाणी आणायला उठली. तांब्या भरलेलाच होता.

पंधरा वर्षं ती अशीच उठून जात होती. बबडी जन्मली त्या आठवड्यात ही थोर भावंडं आईच्या माहेरी जाऊन आजोबांच्या तोंडावर बोलून आली होती, की तुमच्या रक्तातला दोष लपवून तुम्ही मुलगी आमच्या गळ्यात मारलीत. तेव्हापासून आईने माहेरचा उंबरा पाहिला नव्हता. कोणी अडवलं नव्हतं तिला... आपल्यामुळे वडिलांची मान पुन्हा खाली जाऊ नये, एवढ्यासाठी त्या माउलीने स्वतःच्या काळजावर दगड ठेवला होता!

आता मात्र टेबलावर तीन प्लास्टिकच्या नळ्या होत्या. डोळ्यांच्या आणि त्वचेच्या आनुवंशिक आजारांवर संशोधन करणाऱ्या डॉक्टरबाईंनी त्या दिल्या होत्या. तिघांनी आपापल्या नळीत रेघेपर्यंत लाळ भरायची, वर आपलं नाव लिहायचं, बस्स. त्यावरून कुठल्या जनुकात बिघाड आहे आणि तो कोणाकडून आला, ते कळणार होतं. बाबांनी संमतीच्या कागदावर सही केली ती केवढ्या ऐटीत! आता यंत्रच छापून देईल, दोष कोणाचा ते. पण निघता निघता डॉक्टरबाई सहज बोलून गेल्या, की हा आजार व्हायला बिघडलेल्या दोन प्रती लागतात, बहुतेक वेळा एक आईची आणि एक वडिलांची, आणि ज्याच्याकडे एकच असते त्याच्या अंगावर काहीसुद्धा दिसत नाही. परतताना बाबांनी घराचं वळण चुकवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आई आणि बबडीने आपापल्या नळ्या भरल्या. बाबांनी आपली खिशात टाकली. म्हणाले, घाई आहे, दुकानात भरतो.

दीड महिन्याने डॉक्टरबाईंनी आईला एकटीलाच आत बोलावलं. बबडी बाहेर बाकावर होती आणि दार पुरतं लागलेलं नव्हतं. जिला नीट दिसत नाही तिला ऐकूही येत नसणार, असं लोक धरून चालतात. बबडीला या अडाणीपणाचा आजवर फार फायदा झाला होता. बाई हळू आवाजात सांगत होत्या, की वडिलांच्या नावाच्या नळीतला नमुना मुलीशी जुळत नाही. नळ्यांची अदलाबदल होऊ शकते, पुन्हा घेऊ. पण आधी तुमच्याशी बोलावंसं वाटलं.

आतून खुर्ची सरकवल्याचा आवाज आला. मग आई म्हणाली, "पुन्हा घ्या. मला काही लपवायचं नाही."

घरी येऊन तिने सगळं जसंच्या तसं सांगितलं. दुसरी एखादी गप्प बसली असती, पण हिला खोटं बोलायची सवयच नाही, हाच हिचा दोष... आत्या अर्थात हजर होतीच.

"यंत्राला काय पडलंय खोटं बोलायला?" ती म्हणाली.

आई बाबांकडे बघत राहिली. एक शब्द, फक्त एक शब्द ते बोलले असते! पण त्या सद्गृहस्थांनी ताट पुढे ओढलं आणि मान खाली घालून जेवायला सुरुवात केली.

त्या रात्रीपासून आई बबडीच्या खोलीत झोपू लागली. आणि बबडीच्या मनात... हे लिहिताना लाज वाटते, पण तिच्या मनातही क्षणभर येऊन गेलं, की खरंच असेल तर? नुसत्या त्या एका विचारासाठी तिला स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली.

चौथ्या दिवशी चष्म्याचा स्क्रू सैल झाला म्हणून ती शाळेतून थेट बाबांच्या दुकानात गेली. बाबांचं चष्म्याचंच दुकान. गावभर लोकांना नजर वाटायची, स्वतःला मात्र नाकापुढचं दिसायचं नाही. ते बाहेर गेले होते. आत भिंगं घासणारे म्हातारे कारागीर काका होते, भारी बोलके. स्क्रू पिळता पिळता त्यांनी विचारलं, की आमच्या थुंकीचा रिपोर्ट आला का गं? साहेबांनी नळीत थुंकायला लावलं होतं, म्हणाले तब्येत तपासून देतो, फुकटात. दोन महिने होत आले, भीतीने चहात साखर घातली नाही बघ.

बबडीने चष्मा डोळ्यांवर चढवला आणि घर गाठलं. बाबा, आई, आत्या, तिघंही टेबलाशी होते.

"बाबा, कारागीर काका विचारतायत, त्यांना साखर निघाली का? काय सांगू त्यांना?"

आत्याला काही कळलं नाही. आईला सगळं कळलं. बाबांचा चेहरा असा पडला, की आयुष्यात पहिल्यांदाच ते बबडीपेक्षा पांढरे दिसले. मग सगळं भडाभडा बाहेर आलं. अर्धा दोष आपल्या नावावर छापून आला तर पंधरा वर्षं बोललेलं सगळं गिळावं लागेल, म्हणून भ्यायले. यंत्र फक्त रोग शोधतं असं वाटलं, ते बाप कोण हेही ओळखेल हे ध्यानातच आलं नाही. आणि एकदा तसं झाल्यावर जीभच उचलेना. पुन्हा नमुना दिला की आपोआप मिटेल, असं वाटलं... बोलता बोलता ते हुंदके देऊ लागले. स्वतःची थुंकी द्यायला घाबरलेला तो माणूस आता अश्रू मात्र सढळ हाताने देत होता.

आई रडली नाही.

"मिटलंही असतं," ती म्हणाली. "पण खरं तुम्हाला तीन दिवस ठाऊक होतं. आणि तीन दिवस तुम्ही पोटभर जेवलात."

आत्याला अचानक आठवलं, की आपण गॅस चालू ठेवून आलोय. ती गेली.

दुसऱ्या दिवशी बाबांनी डॉक्टरबाईंसमोर नळी भरली. तोंडाला अशी कोरड पडली होती, की रेघ गाठायला पाऊण तास लागला. आई शेजारी बसून होती. नळीवर नाव तिनेच लिहिलं.

महिन्याभराने कागद आला. एक प्रत आईची, एक बाबांची. बाबांनी तो दोनदा वाचला, आईपुढे ठेवला आणि तिच्या पायाशी खाली बसले. "माझं चुकलं," म्हणाले. पंधरा वर्षांत हे वाक्य त्या घरात पहिल्यांदाच कोणी उच्चारलं होतं! आईने त्यांना उठवलं नाही, पण तिने पाय मागेही घेतले नाहीत.

डॉक्टरबाईंना आता दोन्हीकडच्या नातेवाइकांचे नमुने हवे होते. बाबा डोळे पुसत म्हणाले, की आजोबांना मी सविस्तर पत्र लिहितो, नळ्या त्यातच पाठवू.

"पत्र नको," बबडी म्हणाली. "मी ठरवलंय. शनिवारी आपण आजोळी जायचं. नळ्या मी घेणार, आई पुढच्या सीटवर बसणार, आणि बाबा, दार तुम्ही वाजवायचं. आजोबांनी दार उघडलं की आधी तुम्ही बोलायचं. तुमचं बोलून होईपर्यंत आम्ही दोघी गाडीतून उतरणार नाही."