पेज येईपर्यंतचा वेळ

गौरेशची आणि माझी पहिली भेट म्हणजे पंपाखालून बाहेर आलेले दोन पाय. चिखलाने माखलेले!

"कोण रे तिथे?"

"जरा थांबा… मूळ सापडतासा दिसता."

डिचोलीजवळच्या त्या खाणीवर मी इंजिनियरांची प्रमुख म्हणून नुकतीच रुजू झाले होते. गोवा घटक राज्य झालं, त्याच वर्षी. दसऱ्याला यंत्रांची पूजा आणि लगेच खोदाई सुरू, असा रिवाज. त्याआधी खाणीत साचलेलं पाणी उपसलं नाही, तर 'बाईमाणसाला जमलं नाही' म्हणायला सगळे टपलेले. आणि हा कोरगावचा तरुण मेकॅनिक पंपाचं फुटलेलं सील बदलायचं सोडून ते का फुटतं, ते शोधत बसलेला!

"सील बदल आणि पंप चालू कर."

"बदलतंय. पण परत फुटतला, मॅडम."

त्याचे डोळे इतके प्रामाणिक, की माझा राग कुठल्या कुठे गेला. "ऐक. सकाळी पेज येईपर्यंतचा वेळ तुझा. हवं ते शोध. पेज आली, की पंप माझा."

तेव्हापासून पेजेचा डबा दिसला की तो मुकाट पंप जोडायचा. मग आम्ही फणसाखाली बसून पेज खायचो. माझ्या आईचं तोरांचं, कोवळ्या कैऱ्यांचं, लोणचं त्याला फार आवडायचं… आणि मला त्याचं बोटं चाटणं.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी पेज आली आणि तो कळवळला, "आज थोडो वेळ देवा… मुळाच्या अगदी लागी पावलंय!"

खाणीत अजून कंबरभर पाणी होतं. माझा जीव तुटला. "नाही. जोड. पूजा झाली, की हव्या तेवढ्या सकाळी तुझ्या. माझा शब्द."

त्याने माझ्याकडे पाहिलं, आणि पाना उचलला. दिवेलागणीला खाणीचा तळ दिसला.

पूजेनंतर मी शब्द पाळला. गौरेशला मूळ सापडलं. जड पाइपाला आधारच नव्हता, सगळा भार पंपावर येत होता. त्याने आधार बसवला. सील पुन्हा फुटलं नाही.

त्या दिवशी पेज खाताना तो अडखळला. "मॅडम, आणखी एक शोध चालू आसा… तुमी माका इतक्या कित्याक आवडतात?"

"मग — सापडलं?"

"नाय. पेज आयली, म्हणून शोध बंद केलंय. आता इचारतंय… माझ्याशी लगीन करशात?"

मी खाली मान घालून लोणच्याची वाटी पुढे ओढली. तो घाबरला. "इचार करूक वेळ होयो?"

"नको," म्हटलं, आणि माझं सगळं लोणचं त्याच्या पेजेत घातलं.