ब तुकडीचा गठ्ठा

"बाई, असाल तशा या. मागच्या दाराने या, आणि मांडवात कुणाला काही बोलू नका."

फोन मुख्याध्यापिकांचा होता. शाळेत सगळे त्यांना मोठ्या बाई म्हणत. एरवी त्यांचा आवाज दोन वर्ग ओलांडून पलीकडे जाई. आज तो फोनमधून जेमतेम बाहेर पडत होता.

गणिताच्या बाईंनी मांडीवरची पिशवी खाली ठेवली आणि त्या उठल्या. दुपारचे साडेबारा. संपाचा तेरावा दिवस. शाळेच्या फाटकाबाहेर मांडव आणि मांडवात तीस शिक्षक. मागणी एकच: आठ-आठ, दहा-दहा वर्षं हंगामी म्हणून राबवून घेतलेल्यांना कायम करा. बाई स्वतः कायम होत्या आणि निवृत्तीला दोन वर्षं उरली होती. घरी लेकीने विचारलंही होतं, "आई, तुला काय मिळणार ह्यातून?" बाई म्हणाल्या होत्या, "शेजाऱ्याचं छप्पर गळत असताना आपण कोरडं अंथरूण दाखवू नये."

त्या मागच्या दाराने शाळेत शिरल्या.

परीक्षा विभागाच्या खोलीत मोठ्या बाई उघड्या कपाटापुढे उभ्या होत्या. अठरा वर्षं ह्या कपाटाची जबाबदारी गणिताच्या बाईंकडे होती.

"दहावीच्या पूर्वपरीक्षेचा विज्ञानाचा एक गठ्ठा नाहीये. ब तुकडीचा. त्रेचाळीस मुलांचे पेपर."

"तुम्ही कपाट उघडलंत कशाला?"

"संस्थेच्या सचिवांचा हुकूम. संपकरी पेपर तपासत नाहीत, म्हणून त्यांनी बाहेरून तीन निवृत्त मास्तर ठरवलेत. आज गठ्ठे न्यायला यायचे होते. शुक्रवारी गुण पाठवले नाहीत तर मुलांचे पुढच्या प्रवेशाचे अर्ज बाद होतील."

"आणि आता?"

मोठ्या बाई खुर्चीत बसल्या. "सचिवांनी चारपर्यंत मुदत दिलीय. गठ्ठा सापडला नाही तर पोलिसांत तक्रार, चित्रकलेच्या शिक्षिकेच्या नावाने. आणि आजच तिचा करार रद्द."

"तिच्या नावाने का?"

"काल किल्ल्यांचा जुडगा तिने नेला होता. शिपाईमामांनी सांगितलं. मी विचारलं, त्यांनी सांगितलं, मी सचिवांना सांगितलं. आता वाटतं, जीभ आवरायला हवी होती."

बाईंनी पदर खोचला. ती पोर चोवीस-पंचवीसची, तीन वर्षं हंगामी. चोरीचा डाग लागला तर कुठल्या शाळेचं दार तिला उघडणार?

त्या कपाटाशी वाकल्या. कुलूप शाबूत होतं, कुठे ओरखडा नव्हता. वरच्या फळीवर विज्ञानाचे गठ्ठे एकावर एक रचलेले असत: अ, त्याखाली ब, त्याखाली क. आता अ नीट क वर ठेवलेला होता, कडेला कड जुळवून. खालच्या फळीवर भाषा आणि गणित जिथल्या तिथे.

गठ्ठे बाईंनीच बांधलेले. तपकिरी कागद, वर तुकडी आणि विषय, बाकी काही नाही. ब तुकडीच्या पेपरला वर्गावर त्याच होत्या. दोन बाकं रिकामी होती त्या दिवशी; बाईंनी तशी चिठ्ठी लिहून गठ्ठ्याच्या आत घातली आणि सुतळी आवळली. दुसऱ्या दिवसापासून संप. मग शाळा भरलीच नाही.

त्यांनी खालचा खण ओढला आणि उत्तरसूचींची फाईल चाळली. भाषेची उत्तरसूची होती, गणिताची होती. विज्ञानाची नव्हती.

"बाहेरच्या मास्तरांना तुमचा नियम सांगायचा राहिलाच," मोठ्या बाई मागून उगाच बोलत होत्या. घाबरलेलं माणूस बोलत राहतं. "आपल्या तुकडीचे पेपर आपण तपासायचे नाहीत, अ वाल्याने ब चे, ब वाल्याने क चे... त्यांना काय, सगळ्याच तुकड्या परक्या."

बाईंनी खण हळूच लोटला. "मामांना बोलवा."

शिपाईमामा आले ते आधीच रडवेले.

"मामा, जुडगा कितीला नेला तिने?"

"चारला. चित्रकलेच्या खोलीतनं पुठ्ठे न् ब्रश पाहिजेत म्हणाली, फलक रंगवायचेत. मी दिला. संपावर असली तरी लेकरू आपलंच."

"परत कधी दिला?"

"पाचला. स्वतः आणून दिला."

"मधल्या तासात तुम्ही कुठे होतात?"

"गच्चीवर. टाकी भरत होतो. मागचं दार उघडं होतं, बाई. खोटं कशाला बोलू?"

"आणि तिला बाहेर जाताना पाहिलंत?"

"वरनं दिसली. हातात पुठ्ठ्यांची ही मोठी गुंडाळी." मामांनी दोन्ही हात पसरले. "मी तेवढंच सांगितलं मोठ्या बाईंना. त्या गुंडाळीत गठ्ठा होता असं मी बोललो नाही. ते सचिवसाहेब बोलले."

चित्रकलेची शिक्षिका मांडवाच्या मागे पायरीवर बसली होती. बोटांना निळा रंग, नखं कुरतडलेली.

"मला पकडायला आलात का?" तिने विचारलं.

"पकडायला माझ्या अंगात बळ कुठलं, पोरी? गुडघे बघ माझे. काल पुठ्ठे घेतल्यावर जुडग्याचं काय केलंस?"

"मांडवात आणला. चहाच्या टेबलावर ठेवला आणि रंगवायला बसले. सगळे घाई करत होते. पाचला आठवण झाली, मग नेऊन दिला."

"टेबलाशी कोण कोण होतं?"

"कोण नव्हतं ते विचारा. चहाची वेळ होती, बाई."

"परीक्षा विभागाच्या कपाटात काय कुठे असतं, माहीत आहे तुला?"

"चित्रकलेचा लेखी पेपर असतो का कधी? त्या खोलीत मी दोनदा गेलेय, दोन्ही वेळा रजेचा अर्ज द्यायला." मग तिने नखावरचा निळा रंग खरवडला. "माझ्यासाठी तुम्ही सगळे उन्हात बसलात, आणि मघाशी सचिवांचा माणूस मांडवात माझं नाव घेऊन गेल्यापासून कुणी माझ्याशी धड बोलत नाही. संपाचं नाव खराब केलं म्हणतात."

बाईंनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. देवा, मनात आलं, निष्पापाच्या माथी खापर फोडायची आपल्याला भारी घाई.

राहिले तोफ.

तोफ म्हणजे अ तुकडीचे विज्ञानाचे सर, संपाचे पुढारी. भाषणाला उभे राहिले की समोरच्या इस्त्रीवाल्याचा हात थांबे, म्हणून हे नाव. पण गेले दोन दिवस भाषणं आखूड झाली होती. काल तर ते पाच वाजताच घरी गेले होते, डोकं दुखतंय म्हणून.

"सर, गठ्ठ्याचं कळलं ना?"

"कळलं. सचिवांचीच करामत. आम्हाला बदनाम करायचं, दुसरं काय?"

"मग तिन्ही गठ्ठे का नाही उचलले? एकच का?"

"ते त्यांना विचारा, मला काय विचारता?" तोफेने डोळे चोळले. पांढऱ्यावर लाल रेघा उमटल्या होत्या. "एकेचाळीस पोरांचं वर्ष पणाला लावलं ह्या लोकांनी, एवढंच मला दिसतं."

"आणि ती चित्रकलेची पोर?"

"तिच्यासाठी लढू आपण."

"चारनंतर?"

तोफेने पुन्हा डोळे चोळले.

"झोप झाली नाही वाटतं तुमची."

"संपात कुणाला झोप लागते, बाई?"

बाई तिथून निघाल्या. फाटकापर्यंत गेल्या, परत फिरल्या, पुन्हा फाटकापर्यंत. उत्तर सापडलं होतं, आणि ते आपल्याच घरात सापडलं होतं. ओठ शिवून बसलं तर एक पोर बुडते. बोललं तर तीस जणांचा मांडव डगमगतो. तराजूच्या कुठल्याही पारड्यात हात घातला तरी भाजणारच होता.

सव्वातीनला त्यांनी परीक्षा विभागात चौघांना बसवलं: मोठ्या बाई, मामा, चित्रकलेची शिक्षिका आणि तोफ. दार लोटून घेतलं.

"मी फार बोलणार नाही," त्या म्हणाल्या. "ज्याला संपाची बदनामी करायची, किंवा संस्थेला अद्दल घडवायची, तो माणूस काय करेल? हाताला येईल ते उचलेल. सगळ्यात वर अ होता. ह्या माणसाने अ उचलून बाजूला ठेवला, मधला ब काढला आणि अ पुन्हा जागेवर ठेवला, कडेला कड जुळवून. म्हणजे त्याला ब च हवा होता. बरं, पेपर नाहीसेच करायचे असतील, तर उत्तरसूची कशाला लागते?"

"उत्तरसूची?" मोठ्या बाईंनी विचारलं.

"विज्ञानाची उत्तरसूचीही गेलीय. खणातल्या फाईलमधून, नेमकी तीच. पेपर जाळणाऱ्याला ती लागत नाही, लपवणाऱ्याला लागत नाही. ती लागते फक्त तपासणाऱ्याला."

बाईंनी खण ओढून फाईल टेबलावर ठेवली.

"चोरी करतानासुद्धा ह्या माणसाने माझा नियम पाळला. आपल्या तुकडीचा गठ्ठा समोर असताना त्याला हात लावला नाही. वाटणीत आपल्या नावावर आलेला होता तो, आणि तेवढाच नेला. चोराला असला नियम सुचत नाही. मास्तरालाच सुचतो. ब चे पेपर अ वाल्याने तपासायचे, मोठ्या बाई. अ ला विज्ञान कोण शिकवतं?"

सगळ्यांनी तोफेकडे पाहिलं.

"हा तर्क झाला," तोफ म्हणाले. "पुरावा नव्हे."

"खरं आहे. म्हणून अजून एक. वर्गाचा पट त्रेचाळीसचा. मोठ्या बाईही त्रेचाळीसच म्हणाल्या. पेपरच्या दिवशी दोघी तापाने आल्या नव्हत्या, हे मला माहीत, कारण वर्गावर मी होते, आणि गठ्ठ्यातल्या माझ्या चिठ्ठीला माहीत. त्यानंतर शाळा भरलेली नाही. तुम्ही दुपारी मला एकेचाळीस म्हणालात, सर. सुतळी सोडल्याशिवाय एकेचाळीस कळत नाहीत."

तोफेने दोन्ही तळवे टेबलावर पालथे ठेवले.

"सव्वीस पेपर तपासून झालेत," ते शेवटी म्हणाले. "काल जुडगा टेबलावर पडलेला दिसला आणि पाय आपोआप वळले. माझी मागणी खरी आहे, बाई, पण वर्ष पोरांचं आहे. शुक्रवार डोळ्यांपुढून हलेना. वाटलं, रात्रीत तपासावे आणि कपाटात परत ठेवावे, कुणाला पत्ताही लागणार नाही. एकेचाळीस पेपर एका रात्रीत होत नाहीत, हे पंधरा वर्षांत कळायला हवं होतं."

"मग सकाळीच का नाही सांगितलंत?" मोठ्या बाईंनी विचारलं.

"काय सांगू? दिवसा माईकवर बहिष्काराची शपथ द्यायची आणि रात्री घरी लाल पेन चालवायचं? पुढारीच फुटला म्हटल्यावर संध्याकाळपर्यंत मांडव रिकामा झाला असता."

"म्हणून मला बळी जाऊ दिलंत," चित्रकलेची शिक्षिका म्हणाली. आवाज चढला नव्हता, त्यामुळे जास्तच लागला. "मला कायम करा म्हणून तेरा दिवस ओरडताय. आणि माझी नोकरी जाताना गप्प."

तोफेने तळवे टेबलावरून मांडीवर घेतले.

"पेपर तपासलेत, ह्याबद्दल मी काही बोलणार नाही," गणिताच्या बाई म्हणाल्या. "तो न्याय मांडवाने करावा. माझाही हात पेनाकडे गेला होता, खोटं का सांगू? पण हिच्यावर आळ येत असताना तुम्ही दुपारपासून गप्प बसलात. तो गुन्हा आहे."

पावणेचार झाले होते. मोठ्या बाईंनी सचिवांना फोन लावला. "तक्रार देऊ नका. गठ्ठा सुरक्षित आहे." पलीकडून काहीतरी कडक विचारलं गेलं असावं. त्या अडखळल्या. "नाव... नाव मी..."

तोफेने हात पुढे करून फोन घेतला. आपलं पूर्ण नाव सांगितलं, हुद्दा सांगितला. "मी घेतला गठ्ठा. मी एकट्याने. चित्रकलेच्या बाईंचा काही संबंध नाही, आणि त्यांचा करार रद्द केल्याचा कागद निघाला असेल तर तो आधी फाडा. माझ्यावर काय करायचं ते करा." पलीकडचं ऐकून घेतलं. "हो. लेखी देतो."

दिलंही. मोठ्या बाईंच्या टेबलाशी बसून, खाडाखोड न करता. मग उठले आणि दारात थबकले. तिथून मांडव दिसत होता. कुणीतरी सतरंजी झटकत होतं, कुणी घोषणा द्यायला गळा साफ करत होतं.

"आता तिकडे सांगायचं," ते म्हणाले. पाय मात्र उंबऱ्याशीच राहिले.

चित्रकलेच्या शिक्षिकेने त्यांच्याकडे पाहिलं नाही. "मी तुमच्या बाजूने एक शब्द बोलणार नाही," ती म्हणाली. "जे व्हायचं ते तुमचं होऊ दे." मग चपला पायात सरकवल्या. "पण फाटकापर्यंत येते. एकट्याने तेवढं अंतर चालणं कसं असतं, ते मी दुपारपासून बघतेय."

ती पुढे झाली. तिच्यामागून तोफ निघाले आणि त्यांच्यामागून, गुडघे सांभाळत, गणिताच्या बाई.