पहिली काच की दुसरी

चष्मेवाल्याच्या दुकानाची पायरी तिला दिसलीच नाही. ती आत आली ती थेट काउंटरवर आदळूनच.

"दार उघडंच होतं," तो म्हणाला, "एवढी घाई कशाला?"

तिला हसू फुटणार, तोच मागून आत्या आली. शर्टांच्या कारखान्याची मालकीण. आवाज असा, की चालती मशिनं गपगार व्हावीत. "बघा हिचे डोळे! महिनाभर काजं वाकडी पाडतेय. आणि पंधरा दिवसांनी, रविवारी, बटणवाल्याचा मुलगा लग्नाचं बोलायला यायचाय."

आईबापाविना वाढलेली पोर. काय खायचं, काय ल्यायचं, सगळं आत्या ठरवायची आणि ही म्हणायची, "चालेल." कारखान्यातल्या बायकांनी तिचं नावच पाडलं होतं, चालेलबाई.

त्याने तिच्या डोळ्यांवर तपासणीची जड चौकट चढवली, तीत एक काच सरकवली, मग दुसरी. "ही बरी, की... ही?"

"दुसरी," आत्या म्हणाली.

"आत्याबाई, डोळे त्यांचे आहेत."

"डोळे तिचे असतील. वाढवलंय मी!"

"दुसरी... चालेल," ती पुटपुटली.

चष्मा आला आणि दोन दिवसांत डोकं ठणकू लागलं. काजं तर सापासारखी वळू लागली. तिसऱ्या दिवशी ती एकटीच दुकानात गेली.

"त्रास होतोय?"

"नाही... चालेल."

"मग आलात कशाला?"

तिचे गाल तापले.

पुन्हा ती चौकट. त्याची बोटं कानाजवळून गेली, तेव्हा तिने श्वास धरून ठेवला. "पहिली की दुसरी?"

"दुसरी."

"आता?"

"पहिली."

"एक सांगू? काच बदललीच नव्हती मी. तीच काढून तीच घातली."

"म्हणजे फसवलंत मला!" ती ताडकन उठली.

"फसवलं. पण आज पहिल्यांदा मनातलं बोललात." तो हसला नाही. "तुम्हाला काय दिसतं ते मला बाहेरून कळत नाही हो. कितीही बघत बसलो तरी."

"आणि बसता तर बराच वेळ!"

शब्द तोंडातून निसटला तो निसटलाच. त्याच्या हातातली काच खाली पडली.

त्या दिवशी तपासणीला तासभर लागला. "ही नको. मागची द्या... छे, त्याच्याही मागची." नको म्हटलं तरी छत कोसळत नाही, हे तिला नवीनच होतं.

नवा चष्मा लावून ती कामाला बसली. काजं दोरीत पडू लागली. शनिवारी आत्या सगळ्यांदेखत म्हणाली, "उद्या तो मुलगा येतोय. चालेल ना?"

तिची सुई थांबली. "नाही चालणार, आत्या."

"काय म्हणालीस?"

"मला बटणवाला नको. काजं करते म्हणून काय बटणाशीच लग्न लावायचं?"

बायका फिदीफिदी हसल्या. आत्या तिच्या मशिनपाशी आली. "मग कोण हवाय?"

"ते आधी... त्यालाच विचारून येते."

"जा बाई जा." आत्याने मोठ्ठा सुस्कारा सोडला. "इतकी वर्षं दोघींचं मीच एकटी बोलत होते. घसा बसला माझा."

दुकानात तो काचा पुसत होता. "आज पायरी दिसली वाटतं?"

"दिसली. बसा त्या खुर्चीत." तो बसला. तिने तपासणीची चौकट त्याच्याच डोळ्यांवर चढवली. "माझ्याशी लग्न करायचं, ही पहिली. नाही करायचं, ही दुसरी. सांगा."

त्याला घाम फुटला. "चा... चालेल."

"चालेल काय? नीट सांगा!"

"पहिली," तो म्हणाला. "पायरीवरून धडपडलात ना, तेव्हापासून पहिलीच."

तेवढ्यात दारातून आत्याचा आवाज आला. मागोमाग आलीच होती ती. "उद्याचा चहा फुकट जायला नको. यालाच घेऊन ये!"

त्याने तिच्याकडे पाहिलं. "येऊ?"

"या," ती म्हणाली. "पण खाली बघून या. आमच्याही दाराला पायरी आहे."