घराबाहेरच्या कुणासाठी

अमेरिकेतल्या दुलुथमध्ये जानेवारीच्या बर्फात दार ठोठावणाऱ्या अनोळखी बाईला कुणी आत घेत नाही. वेस्ली निएमीनं घेतलं... तेही मागून त्याचे वडील ओरडले म्हणून. "अरे, आधी आत घे तिला, गारठून मरेल बिचारी!"

माझं नाव मारित; लोक घरात कशावर किती खर्च करतात, याचा सर्व्हे करणं हे माझं काम. हजारो पत्त्यांतून यांचा पत्ता उचलला गेला होता. तीन-तीन महिन्यांनी एक अशा चार भेटी, मग दुसरं घर. लॅपटॉपवरचा प्रश्न जसाच्या तसा वाचायचा, पदरचा एक शब्द घालायचा नाही. आणि सलगी तर मुळीच नाही.

"गेल्या तीन महिन्यांत आपण शीतपेयांवर किती खर्च केलात?"

"तुम्ही नेहमी अशाच बोलता?" वेस्लीनं विचारलं.

"पगार मिळतो तेव्हाच."

म्हातारा खो खो हसला. वेस्ली नुसता बघत राहिला – आणि माझी ओळ चुकली.

एप्रिलमध्ये खिडकीजवळची म्हाताऱ्याची खुर्ची रिकामी होती. मला दारातच कळलं. तरी वाचावं लागलं, "आर्व्हिड निएमी अजून या घरात राहतात का?"

"नाही," तो म्हणाला.

मग अंत्यसंस्काराचा खर्च. तोही विचारला. त्यानं शांतपणे सगळं सांगितलं, वर माझ्यासाठी कॉफी केली. स्वतःची इतकी चीड मला कधी आली नव्हती. गाडीत बसून मी रडले.

जुलैत तो प्रत्येक प्रश्न पुन्हा वाचायला लावू लागला.

"कानात काही गेलंय का तुमच्या?"

"तुम्ही असेपर्यंत जरा कमीच ऐकू येतं."

मी हसले. पण तो मला आवडायला लागला होता, आणि आता एकच भेट उरली होती.

ऑक्टोबरात ती शेवटची भेटही आली. शेवटाकडे मी वाचलं, "घराबाहेरच्या कुणासाठी काही भेटवस्तू घेतलीत?"

"लोकरीचे हातमोजे. बायकांचे."

म्हणजे कुणीतरी आहे...

"दिलेत तिला?"

त्यानं लॅपटॉपकडे बोट केलं. "हे तिथं लिहिलंय?"

"नाही. माझं मीच विचारतेय."

त्यानं खणातून पुडकं काढून माझ्यापुढे सरकवलं. "तुमचा स्वतःचा एक तरी प्रश्न यावा म्हणून इतके दिवस थांबलो, मारित."

"घेता येत नाही मला... नोकरी जाईल."

"ठाऊक आहे."

मी लॅपटॉप मिटला. पुडकं तिथंच राहू दिलं आणि हात पुढे केला.

"केवढा गार पडलाय," तो म्हणाला. सोडला मात्र नाही.